त्या रविवारी मी लोणंदला होते

सातारा
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय उमा,

तिळगूळ घे, गोड बोल. वड्या मुद्दाम चुरून घातल्या आहेत. पाकीट फुगलं की शिक्का नीट उमटत नाही आणि मग ते कुठेतरी पडून राहतं. बाळ हातात येईपर्यंत तू फोन सोडला आहेस, म्हणून हे पत्र. तुझ्या सासूबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून घरात येणारा प्रत्येक कागद तूच त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस, असं म्हणालीस. तर आधी हे वाच: काकू, शिवांजलीचा नमस्कार.

परवाचं जेवण फार चांगलं झालं. नवसाचे एकवीस रविवार निभावणं सोपं नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, सगळं कांदा-लसणाशिवाय आणि तरी इतकं चवीचं. तुझ्या जावेला सांग, पूजा, तुझ्या हाताला चव आहे. एवढ्याशा मुलीने वीस पानांचा स्वयंपाक एकटीने ओढला. वाढता वाढता तिने मला हळूच विचारलं, "ताई, तुमच्या लॅबच्या कोर्सला बारावी सायन्सच लागतं व्हय?" मी म्हटलं, लागतं. "मग हाय माझं," म्हणाली आणि आमटीचं पातेलं घेऊन पळाली.

तुझ्या सौमित्रला मी आधी ओळखलंच नाही. सोवळं नेसून, कपाळभर गुलाल लावून दारात उभा. कॉलेजात मला पाहिलं की म्हणायचा, "आली बघा उसाची मालकीण." परवा म्हणाला, "या ताई, आधी पाय धुवा." मला हसू आलं. वाटलं थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने पाय धुतले. मी एसटीच्या खिडकीतून दिसेल त्या देवळाला हात जोडायचे तेव्हा "अगं, देवांना एखादा दिवस सुट्टी दे" म्हणणारा हाच ना तो? आता पानं वाढल्यावर त्याने सिद्धनाथाचं नाव एकशे आठ वेळा घेतलं आणि आम्ही वरण गार होताना बघत बसलो. हा परिच्छेद वाचताना गाळलास तरी चालेल.

विडा न घेता आम्ही निघालो, त्याचा राग मानू नकोस. सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून घाई केली. त्यांचा गुडघा खरंच दुखतो.

ओटी भरताना तुझा हात गार लागला. पायांवर सूज आहे का? झोप लागते का? मिरजेच्या डॉक्टरांनी पुढची तारीख कधीची दिली आहे? उलट टपाली कळव. नुसतं "ठीक" एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
शिवांजली


१५ जानेवारी

उमे,

हे पत्र मी टाकणार नाही. कालचं काकूंसाठी होतं. हे तुझ्यासाठी आहे, आणि काकूंच्या कानावरून न जाता ते तुझ्यापर्यंत पोचवायचा रस्ता मला माहीत नाही.

रविवारी इस्लामपूर स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला पाळी आली. चार दिवस आधीच. जयराज चहा घ्यायला उतरला होता, त्याच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत्या, पिशवी मांडीवर घेऊन गाडीतच बसल्या होत्या. पर्समध्ये जे असायचं ते होतं. मी जाऊन आले आणि खिडकीपाशी बसले. मला काहीसुद्धा वाटलं नाही. मी सांगलीला तुझ्या घरी चालले होते. तुझ्या घरी त्यात सांगण्यासारखं काय असणार?

मला विटाळाची भीती होती तेव्हाची आठवण कर. पहिल्या वर्षी होस्टेलच्या गणपतीत मी चार दिवस खोलीबाहेर पडले नव्हते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मी; पण पुस्तक उघडायचं आणि त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, या दोन्ही गोष्टी मला एकाच घरात शिकवल्या होत्या. तू मनगट धरून मला खाली नेलंस, आरतीचं ताट माझ्या हातात दिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "मायक्रोस्कोपखाली मी पुष्कळ रक्त पाहिलंय. विटाळ नावाची पेशी अजून सापडलेली नाही." बाजूला सौमित्र टाळ वाजवत होता. तो म्हणाला, "सापडली तर हिचं नाव देऊ." त्या दिवशी माझी भीती गेली. म्हणजे तुम्ही दोघांनी ती काढून घेतलीत. मला काय माहीत, की ती तुम्ही तुमच्या घरी ठेवून घ्याल.

आणि लोणंद. पुण्याच्या सहलीला जाताना पॅसेंजर लोणंदला क्रॉसिंगसाठी थांबली आणि तुला पाळी आली. तुझ्याकडे काही नव्हतं. मी उतरून फलाटावरच्या चहावालीकडून धुतलेल्या लुगड्याचा तुकडा मागून आणला. गाडी हलली तेव्हा सौमित्रने दारातून हात देऊन मला आत ओढलं. "एवढं काय आणायला गेली होतीस?" त्याने विचारलं. तू म्हणालीस, "लोणंद." त्याला ते कधीच कळलं नाही. पुढे सहा वर्षं आपला तोच शब्द. "आज मी लोणंदला आहे, प्रॅक्टिकलला येत नाही."

रविवारी तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी होतीस, मी अलीकडे. काकू तुझ्या मागे. तू मला विचारलंस, "अडचण नाही ना?"

अडचण. तो तुझा शब्द नव्हता. तो माझ्या आईचा, काकूंचा, आत्यांचा शब्द. तू "लोणंद?" असं विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत बसले असते. पण तू दोन गर्भ गमावलेल्या बाईच्या आवाजात विचारलंस. आणि तुझ्या डोळ्यांत मी पाहिलं की पाच सवाष्णी मोजून बोलावल्या आहेत: शेजारच्या दोघी, काकूंची बहीण, आत्या आणि मी. त्यातली एक गळली तर एकविसावा रविवार फुकट.

तेवढ्यात माझ्या मागून आत्याच बोलल्या, "न्हाई वो, तिला कसली अडचण. आमची सून लय कडक हाय, समदं पाळती."

मी फक्त मान हलवली.

मग मी आत आले. पुरणाच्या गोळ्यांना हात लावला. देवापुढे बसले. तुझ्या पोटाशी वाकून तुझ्या पदरात नारळ घातला. तुझे ओठ हलत होते. तू काय मागत होतीस ते मला ऐकू आलं.


२२ जानेवारी

उमा,

काल सौमित्रचा फोन जयराजला आला. तुझ्या अंगावर जायला लागलं, मिरजेला नेलं, दोन दिवस ठेवलं. सोनोग्राफीत ठोके आहेत. बाळाची वार खाली आहे, म्हणून पलंगावरून उतरायचं नाही.

वार खाली असली की रक्त जाऊ शकतं. हे मला कळतं. रोज बाळंतिणींचे आणि गरोदर बायकांचे रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात. वार कुठे धरणार ते काही महिन्यांपूर्वीच ठरतं, कुणाच्या हातच्या नारळाने ती खाली सरकत नाही. मी हे आज लॅबमध्ये अकरा वेळा स्वतःला सांगितलं. बाराव्या वेळी सांगताना माझ्या हातातली ट्यूब पडली.

ती फुटली नाही. पण मी सगळे नमुने परत तपासले. नाव, वय, नंबर. नाव, वय, नंबर. सर म्हणाले, "शिवांजली, घरी जा."

मला कळतं आणि मला भीती वाटते. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातलं एक खोडता यावं म्हणून मी तुला लिहिते आहे. माझ्या ओळखीत ते खोडू शकणारी एकच बाई होती आणि ती आता उशाला अंगारा ठेवून झोपते.

हेही टाकत नाही.


सातारा
२७ जानेवारी

प्रिय उमा,

काकूंना नमस्कार. तू पडून असशील, तरी वाचून दाखवशील अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. आत्यांच्या गुडघ्याला शेक देतो. हरभरा छान आला आहे; सोलून पाठवते, पूजाला उसळ करायला सांग.

एक सांगायचं राहिलं होतं. त्या रविवारी तुमच्याकडे आले तेव्हा मी लोणंदला होते. घाईत तुला सांगितलं नाही. तेवढं मनात होतं.

जप. उतरू नकोस.

शिवांजली


त्याच दिवशी, दुपारी

उमा, वरचं पत्र पेटीत टाकून आले. घरात पाय ठेवते तोच पूजाचा फोन.

तिला म्हसवडला माहेरी पाठवलंय, हे मला माहीत नव्हतं. हरभऱ्याची उसळ पूजाला करायला सांग, असं मी आत्ताच लिहून आले. माझं ते वाक्य आता सांगलीकडे निघालंय आणि मला ते परत आणता येत नाही.

ती रडत नव्हती. सरळ सांगत होती. सौमित्रने कुणा देवऋषीपुढे प्रश्न लावला. देवऋषीने सांगितलं, चुलीपाशी विटाळ शिवला. चुलीपाशी पूजा होती. तिचे दिवस आदल्याच आठवड्यात झालेले. काकू म्हणाल्या, पोर दिवस मोजायला चुकली. आता बाळ हातात येईपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही. कॉलेजचा फॉर्म भरायचा होता, तोही राहिला.

"मी चुकले न्हाई, ताई," ती म्हणाली. "भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी टिंब करती. सोमवारी आली, शुक्रवारी न्हाले, शनिवारी पुन्हा न्हाले. रविवारी पाटं परत न्हाले आन मग चूल पेटवली. पन टिंबावर कोन इश्वास ठेवतंय."

मी विचारलं, तुझा नवरा काय म्हणतो.

"ते काय म्हंत्यात. दादांपुढं त्यांचं तोंड कवा उघडलंय." मग तिनेच विचारलं, "ताई, तुमी रक्त तपासता न्हवं? त्यातनं कळतं का, त्या दिवशी कुनाला होती आन कुनाला न्हवती ते? कळत असंल तर माझं तपासा. मी येते साताऱ्याला. माझे बाबा सोडत्याल मला."

मी म्हणाले, तसं कळत नाही.

"कायबी न्हाई कळत?"

नाही म्हटलं.

उमा, लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. तपासणी चुकली तर परत करता येते. पण ट्यूबवर चुकीचं नाव लागलं, तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी तो परत येत नाही. पूजाच्या अंगावर माझं लेबल लागलंय. आणि ती मलाच विचारते आहे, की हे काढायची काही तपासणी आहे का.


३ फेब्रुवारी

उमे,

तुझं पत्र आलं. पत्ता सौमित्रच्या अक्षरात होता, म्हणजे पाकिटात घालण्याआधी त्यानेही ते वाचलं असणार. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथे उतरून काढते, म्हणजे मी चुकीचा अर्थ लावत नाही ना ते बघता येईल.

"प्रिय शिवे, तुझ्या पत्रातलं लोणंद वाचून काकूंनी विचारलं, साताऱ्याहून सांगलीला येताना लोणंद कुठून आलं? मी म्हटलं, तिचं डोकं आधीपासूनच उलट्या गाडीत बसलेलं. तू लोणंदला होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझं तिकीट मी ओटी भरतानाच पाहिलं. आता ते फाडून टाक, जपून ठेवायची ती वस्तू नाही. इथे गाडीला एक डबा लागलाय. तो सोडवू नकोस. तो नसता तर इंजिनच रुळावरून उतरलं असतं, आधी दोनदा उतरलंय तसं. पाचवा महिना लागेल. पुन्हा लिहू नकोस. उमा."

तुला माहीत होतं. मी ओटी भरायला डावा पाय मुडपून बसले असेन. त्या दिवसांत बसते तशी, तूच मला कधीतरी चिडवलं होतंस. तू ओळखलंस, आणि माझ्याकडून ओटी भरून घेतलीस, कारण पाच पुऱ्या व्हायला हव्या होत्या. आणि पूजाला पाठवताना गप्प राहिलीस, कारण डबा म्हणजे पूजा आणि इंजिन म्हणजे तू. आधीच्या दोन्ही वेळी नाव तुझ्यावर आलं होतं. ह्या वेळी दुसऱ्या कुणावर आलं.

मला तुझा राग यायला हवा होता. भीतीच वाटली. मला वाटत होतं की तुम्ही दोघं देवाकडे गेलात. तू तर नुसती एका कोपऱ्यात अंग चोरून उभी आहेस, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

जयराजला मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. मग म्हणाला, "तुला कुणी विचारलंय का?" नाही म्हटलं. "मग?"

शनिवारी आईकडे गेले होते. ती दारात पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिला विचारलं, आई, विटाळाने खरंच काही होतं का गं?

"मला काय इचारतीस, शिकलेली तू," ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलताच, "आमी त्या दिसांतबी ऊस खुरपायला जायचो. मुकादम काय सुट्टी द्याचा व्हय? ऊस काय वाळला न्हाई. लोनचं नासतं म्हंत्यात, पन माझं तर एरवीबी नासतं."

मी हसले. तिने वर पाहिलं.

"का गं? कुनाला काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू बारकी हुतीस तवा गुंडाच्या आईला पत्र वाचून दावलंस, तसं काय केलंस का परत?"

ते मी तुला कधी सांगितलं नाही. गावात आमच्या आळीला मोठ्याने वाचता येणारी मी एकटी होते, दहा वर्षांची. बायका आपापली पत्रं माझ्याकडे आणायच्या. गुंडा फौजेत होता. त्याने लिहिलं होतं, दिवाळीला रजा मिळाली नाही. त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला ते वाक्य वाचवेना. मी वाचलं, "दिवाळीला येतो." तिने घर सारवलं, करंज्या केल्या आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टँडवर जाऊन बसली. चौथ्या दिवशी कुणीतरी पत्र परत वाचलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. त्यानंतर ती पत्र घेऊन कधी आमच्या दारात आली नाही, एवढंच.

तेव्हापासून लिहिलेल्या अक्षराला मी भिते. म्हणून आधीच्या पत्रातलं एक अक्षर दुरुस्त करते. "मी फक्त मान हलवली" असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी मोठ्याने "नाही" म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "मागच्याच आठवड्यात झालं." काकूंनी तेव्हा मान डोलावली आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पूजाबरोबरच."

लक्षात आलं का? पूजाचे दिवस त्यांना माझ्यामुळे आठवले.


सातारा
७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काकूंना,
शिवांजलीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावाने पाठवते आहे. उमा ते वाचून दाखवेल. सौमित्र घरात असताना वाचावं.

रविवार, १२ जानेवारीला, तुमच्या घरी एकविसाव्या रविवारचं जेवण होतं, त्या दिवशी मला पाळी आली होती. सकाळी इस्लामपूर स्टँडवर आली. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात झाली, असं खोटंही सांगितलं. त्याच अंगाने मी स्वयंपाकघरात आले, पुरणाला हात लावला, देवापुढे बसले आणि उमाची ओटी भरली. माझ्या सासूबाईंना हे माहीत नव्हतं. इतर कुणाचाही यात दोष नाही.

पूजाने दिवस बरोबर मोजले होते. तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिच्या टिंबांच्या खुणा आहेत, जानेवारीच्या पानावर बघावं. सोमवारी ६ तारखेला पहिलं टिंब आहे. तिने चूल पेटवली तेव्हा ती स्वच्छ होती. विटाळ कुणाच्या हाताने झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर तो हात माझा होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं: वार खाली आहे, आणि ती कुणाच्या शिवण्याने खाली येत नाही. पण तुम्ही माझं मत मानावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही मानत असाल त्याच हिशेबाने पूजा निर्दोष आहे, एवढंच सांगायचं आहे. पुढे काहीही झालं, देव न करो, तर ते माझ्या नावावर लावावं. दुसऱ्या कुणाच्या नाही. उमाच्याही नाही.

माझ्या सासूबाईंना मी परवा सांगितलं. त्या उठल्या, मोरीत जाऊन हात धुऊन आल्या, आणि म्हणाल्या, "मी त्या बाईच्या उंबऱ्यात हुबी राहून तुझी गवाही दिली." दोन दिवस त्यांनी माझ्या हातचं काही घेतलं नाही. आज सकाळी चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या म्हसवडच्या पोरीचा नंबर दे मला. तिच्या बापाशी मी बोलते. तुझ्यासारखीवर त्यो काय इश्वास ठेवनार."

या पत्राची एक प्रत मी पूजाच्या वडिलांना, हरिबा यांना, म्हसवडला पाठवली आहे. तिथे ते पूजा वाचून दाखवेल.

मला तुमच्या घरी पुन्हा बोलावू नये, हे मी समजू शकते.

आपली,
शिवांजली

ता. क. उमा, हे तुला आहे, पण हेही मोठ्याने वाच. तू थांबलीस की काकूंना आवाजावरून कळतं, थांबू नकोस. माझ्या आधीच्या पत्रात मी लिहिलं होतं की एक परिच्छेद गाळलास तरी चालेल. ह्यातलं काही गाळू नकोस. कुठल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द घालू नकोस. अडचण वाचू नकोस. लोणंद वाचू नकोस. जिथे मी पाळी लिहिलं आहे, तिथे पाळीच वाच. मी ते अक्षर मोठं काढलं आहे, पडल्या पडल्याही दिसेल.